गाडीचे चाक

बैलगाडीच्या चाकाला, धावेच्या कडेवर, चुन्याची खूण करा. गाडी सावकाश हाकायला सांगा. बाजूने पाहा.

खूण खाली येते, जमिनीला टेकते, क्षणभर थांबते, मग वर जाते. चाक जमिनीवर घासत नाही. म्हणून तर बैलांना एवढे ओझे ओढवते.

चाकाची उंची १४० सेंटिमीटर असली, तर घेर सुमारे ४४० सेंटिमीटर भरतो. एका फेऱ्यात गाडी तेवढीच पुढे जाते.

मग घासते कुठे? तुंबा आसाभोवती फिरतो, तिथे. वंगण सुकले की चाक जड होते. चाक अडकले तर फरफटत जाते. धाव झिजते. बैलांच्या मानेवर ताण येतो.

बैलाला बोलता येत नाही. चाकाची कुरकुर तुम्ही ऐका. गाडी जुंपण्याआधी वंगण घाला.