होडीत बसण्याआधी भरती-ओहोटी पाहा

डिचोलीतील मये तलावाला भरती-ओहोटी नाही. तिथे वारा-पाऊस पाहिला की भागते. पेडण्यात तेरेखोल आणि शापोरा नद्यांच्या मुखाशी तसे नाही. दुपारनंतर समुद्रावरून वारा जोर धरतो. त्याच वेळी सुकती लागलेली असली, तर बाहेर धावणारे पाणी वाऱ्याला समोरून भिडते आणि उथळ वाळूवर लाटा उंच होऊन फुटतात. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात ही ओढ अधिक. भरती रोज सुमारे ५० मिनिटे उशिरा येते. म्हणून कालची वेळ आज धरू नये.

सभासद कुटुंबांना आम्ही सुचवतो : सकाळी निघा, सुकतीपूर्वी परता, सर्वांनी लाईफ जॅकेट घाला. पावसाळ्यात मुखाकडे जाऊच नका. नारळी पौर्णिमेला नारळ वाहिल्याशिवाय दर्यात न उतरण्याची जुनी रीत त्याचसाठी आहे.