इंजिनाचा ताप

जुन्या बुलेटच्या दिव्यावरच्या टोपणात, वेगाच्या तबकडीजवळ, एक छोटासा अँमीटर असे. बॅटरीत वीज जात आहे की बॅटरीतून खर्च होत आहे, एवढे तो सांगे. इंजिनातले तेल किती तापले आहे, हे सांगणारे मात्र काहीच नसे. इंग्लंडच्या थंड हवेत त्यावाचून अडतही नसेल. पण १९५५ साली मद्रासला एन्फील्ड इंडिया कंपनी निघाली आणि ही गाडी वैशाखातल्या दख्खनच्या रस्त्यांवर धावू लागली. तेव्हापासून तिच्या तापाचा अंदाज स्वार हाताने, नाकाने आणि नशिबाने घेत आला आहे.

माझ्या भाच्याकडे अशी एक १९९४ सालची ३५० आहे. ती त्याच्या वडिलांची. २००३ साली आंबेनळी घाटात, भर चढावर, तिचे इंजिन जाम झाले. मागचे चाक जागच्या जागी थांबले आणि भावोजी व ताई दोघेही रस्त्यावर आली. ताईचा उजवा हात मोडला. भावोजी आता नाहीत, गाडी आहे. भाच्याने बायकोला घेऊन तिच्यावरून लेहला जायचे ठरवले, तेव्हा ताईने एका वाक्यात निकाल दिला, “त्या गाडीवर माझी सून बसायची नाही.”

इंजिन जाम का होते? या गाडीचा सिलिंडर बिडाचा, आणि पिस्टन अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचा. तापले की अॅल्युमिनियम बिडाच्या जवळजवळ दुप्पट फुगते. दोहोंमधली फट मुळातच केसाएवढी, आणि त्या फटीत तेलाचा पातळ पापुद्रा. घाटात गिअर खालचा, वेग कमी, म्हणून सिलिंडरच्या पात्यांना वारा मिळत नाही. पिस्टन फुगतो, तेल पाण्यासारखे पातळ होते, पापुद्रा तुटतो आणि धातूला धातू चिकटतो. या इंजिनात पाण्याचा रेडिएटर नाही. वाऱ्याच्या जोडीला थंड करणारे जे काही आहे ते हेच दोन-सव्वादोन लिटर तेल.

तेलाचा ताप साधारण ९० ते ११० अंश असावा. १२० च्या वर ते रोज राहू लागले तर लवकर खराब होते. दर दहा अंशांमागे खराब होण्याचा वेग सुमारे दुप्पट होतो, असा ठोकताळा आहे. उलट ते फारच थंड राहिले तर त्यात साचलेले पाणी उडून जात नाही आणि झाकणाखाली दुधाळ साय धरते.

भाच्याने मग तहाचा मसुदा मांडला. “मामा, तेलाचा काटा बसवतो. मग आईची हरकत नाही ना?”

(काटा हा आपल्या भाषेतला मोठा कष्टाळू शब्द. पायात मोडतो, घड्याळात फिरतो, वाण्याकडे तोलतो, अंगावर उभा राहतो. उष्णतामापक हा शब्द मी सुचवून पाहिला. लेथवाल्याने त्याची दखल घेतली नाही.)

काट्याचा एक प्रकार तेलाच्या झाकणाच्या जागी बसतो. वायर नाही, फ्यूज नाही. पण तो पाहायला गाडी थांबवून वाकावे लागते. भाच्याने विजेचा घेतला. तेल काढायच्या बुचाला भोक पाडून, आत आटे पाडून त्यात सेंडर बसवायचा. सेंडर तापला की त्याचा विद्युतरोध कमी होतो आणि हँडलवरचा काटा पुढे सरकतो. एक वायर सेंडरकडून तबकडीकडे. तबकडीला वीज चावीनंतरच्या वायरमधून, मध्ये फ्यूज घालून. परतीची वाट इंजिनाच्या अंगातूनच असते. म्हणून आट्यांवर नळवाल्याची पांढरी टेप गुंडाळायची नाही. ती विजेची वाट अडवते आणि काटा खोटे बोलू लागतो. गळती थांबवायला तांब्याचा वायसर पुरतो. पाना जपून फिरवायचा, कारण इंजिनाचे कवच अॅल्युमिनियमचे. आटे गेले तर खर्च शंभर पटींनी वाढतो.

काटा खरा की खोटा, याची परीक्षा ताईच्या स्वयंपाकघरात झाली. पातेल्यात आधण ठेवले, सेंडर त्यात सोडला, वायरी बॅटरीला जोडल्या. पुण्याच्या उंचीवर पाणी सुमारे ९८ अंशांवर उकळते. “आधण आलं,” ताई म्हणाली. काटा १०२ वर होता. चार अंश जास्त. भाच्याने ते टाकीवर चिठ्ठी चिकटवून लिहून ठेवले.

मग त्याने आईला जे सांगितले ते मला आवडले. हा काटा टाकीतल्या तेलाचा ताप दाखवतो. पिस्टनजवळचे तेल त्याहून पुष्कळ अधिक तापलेले असते. शिवाय दोन लिटर तेल तापायला वेळ लागतो, तेव्हा काटा सावकाश चालतो. एकाएकी आलेले संकट तो सांगणार नाही. हळूहळू चढणारा ताप मात्र सांगेल, आणि घाटातला ताप बहुधा हळूहळूच चढतो. ताई काही बोलली नाही.

२०२४ च्या मे महिन्यात आम्ही पोलादपूरहून त्याच आंबेनळी घाटाला लागलो. गाडीवर भाचा एकटा, मागे माझ्या मोटारीत ताई, सूनबाई आणि मी. पायथ्याशी ८८. एका एसटीमागे रखडत कुंभरोशीला पोचलो तेव्हा चार अंश वजा करून ११६. भाच्याने गाडी झाडाखाली घेतली आणि बंद केली. ताई उतरली, चष्मा लावून तबकडीपाशी उभी राहिली. वीस मिनिटांनी भाच्याने चावी फिरवली; काटा ९७ वर आला होता.

“अरे,” ती मला म्हणाली, “लेहला आधण किती अंशांवर येतं?”

लेह साडेतीन हजार मीटर उंचीवर. मी म्हणालो, “८८ च्या आसपास.”

“मग तिथं डाळ शिजायची नाही,” ती सुनेकडे वळून म्हणाली. “छोटा कुकर बांधून घ्या बरोबर.”