पाच मुलांची शाळा : शांतिनिकेतनचे पहिले वर्ष

शांतिनिकेतनचे नाव घेताच विश्वभारतीचा विस्तीर्ण परिसर, तेथील कलाभवन व संगीतभवन आणि देशोदेशींहून आलेले विद्वान आपल्या डोळ्यांपुढे उभे राहतात. या साऱ्या विस्ताराच्या मुळाशी पाच विद्यार्थ्यांची एक लहानशी शाळा होती. २२ डिसेंबर १९०१ रोजी, म्हणजे बंगाली पंचांगाप्रमाणे पौष महिन्याच्या सातव्या दिवशी, ती सुरू झाली. पुढे जे घडले ते सर्वज्ञात आहे; परंतु पहिल्या बारा महिन्यांत ही शाळा टिकेल की नाही, हेच निश्चित नव्हते. लहान शाळेचे सामर्थ्य कशात असते आणि तिचा दुबळेपणा कोठे दडलेला असतो, हे समजून घेण्यासाठी या एका वर्षाकडे लक्षपूर्वक पाहणे उपयुक्त ठरेल.

शाळेसाठी निवडलेली जागा नवी नव्हती. रवींद्रनाथांचे वडील महर्षी देवेंद्रनाथ ठाकूर यांनी १८६३ साली बीरभूम जिल्ह्यातील बोलपूरजवळची वीस बिघे जमीन कायमच्या पट्ट्याने घेतली होती. तांबडी मुरमाड माती, पावसाच्या पाण्याने कापत नेलेल्या घळी आणि त्या उघड्या माळावर सातविणीची दोन झाडे, असे तेथील मूळचे दृश्य होते. देवेंद्रनाथांनी तेथे घर बांधले, बाग लावली आणि १८८८ साली एका विश्वस्तपत्राद्वारे ही जागा ईश्वरचिंतनासाठी अर्पण केली. तेथे विद्यालय काढण्याची मुभा त्या पत्रातच होती. रवींद्रनाथांचे पुतणे बलेंद्रनाथ यांनी या तरतुदीच्या आधारे ब्रह्मविद्यालयाची योजना आखली व इमारतही उभारण्यास घेतली. परंतु १८९९ साली ऐन तारुण्यात त्यांचे निधन झाले. अपुरे राहिलेले हे काम रवींद्रनाथांनी वडिलांच्या संमतीने हाती घेतले.

त्या वेळी त्यांचे वय चाळीस वर्षांचे होते. कवी म्हणून बंगालमध्ये त्यांना मान्यता मिळालेली होती, पण शिक्षक म्हणून त्यांना कोणी ओळखत नव्हते. स्वतःचे शालेय शिक्षण त्यांनी अर्धवट सोडलेले होते. कलकत्त्यातील एकामागून एक शाळांत त्यांना घालण्यात आले, आणि प्रत्येक शाळेच्या चार भिंतींत त्यांचा जीव गुदमरला. आपले शिक्षण मुलांच्या भाषेशी आणि जीवनाशी जुळत नाही, हा विचार त्यांनी १८९२ साली एका प्रसिद्ध निबंधात मांडला होता. पुढे शिलाईदह येथे जमीनदारीचा कारभार पाहत असताना स्वतःच्या मुलांसाठी त्यांनी घरातच शिकवणीची व्यवस्था केली. शांतिनिकेतनची शाळा ही एका अर्थाने त्या घरगुती शाळेचाच विस्तार होती. पहिल्या पाच विद्यार्थ्यांपैकी एक त्यांचा ज्येष्ठ पुत्र रथींद्रनाथ होता. त्याचे वय तेरा वर्षांचे होते.

विद्यालयाला ‘ब्रह्मचर्याश्रम’ हे नाव देण्यात आले. प्राचीन तपोवनांत गुरूच्या सान्निध्यात राहून शिष्य शिकत, त्या आदर्शाचे आकर्षण रवींद्रनाथांना या काळात विशेष होते. मुलांनी पहाटेपूर्वी उठावे, आपली खोली स्वतः झाडावी, विहिरीवर स्नान करावे, काही वेळ शांत बसून चिंतन करावे आणि मग झाडाखाली आसन टाकून धड्यांस बसावे, असा दिनक्रम होता. पायांत वहाण नसे, जेवण शाकाहारी असे आणि पोशाख भगव्या रंगाचा असे. श्रीमंताच्या मुलाला गरिबाच्या मुलाहून वेगळी वागणूक मिळू नये, हा या साधेपणामागील एक हेतू होता. आरंभी विद्यार्थ्यांकडून शुल्क घेतले जात नसे. मुलींना मात्र या शाळेत अजून प्रवेश नव्हता.

एवढ्यावरून ही शाळा केवळ कठोर व्रतांची असावी, असा समज होईल. परंतु दिवसाचा बराचसा भाग व्रतांच्या पलीकडचा होता. विद्यार्थ्यांची संख्या इतकी अल्प असल्यामुळे इयत्तावार विभागणीचा प्रश्न उद्भवत नव्हता. ज्याची जेवढी तयारी, तेथून त्याला पुढे नेणे शक्य होते. धडा संपल्यावर माळावर भटकावे, झाडांवर चढावे, ऋतू पालटताना पाहावेत, संध्याकाळी गोष्टी ऐकाव्यात, गाणी म्हणावीत आणि नाटके बसवावीत, हेही शिक्षणाचेच अंग मानलेले होते. शारीरिक शिक्षेला येथे स्थान असू नये, हा रवींद्रनाथांचा आग्रह होता. मूल आधी आपल्या भोवतालाशी समरस होते व मग पुस्तकाकडे वळते, ही त्यांची श्रद्धा होती. पाच मुलांच्या शाळेत ही श्रद्धा रोज तपासून पाहता येत होती. पन्नास मुलांच्या शाळेत ते सहज साधले नसते.

लहान शाळेचा हा लाभ होय. तिच्या अडचणीही त्याच लहानपणातून निर्माण होतात. त्यांपैकी पहिली अडचण शिक्षकांची होती.

विद्यार्थी पाच आणि शिक्षकही तितकेच, अशी ही विलक्षण शाळा होती. शिलाईदह येथून जगदानंद राय, संस्कृतचे पंडित शिवधन विद्यार्णव व लॉरेन्स नावाचे इंग्रज शिक्षक आले. यांच्या जोडीला ब्रह्मबांधव उपाध्याय आणि त्यांचे सिंधी शिष्य रेवाचंद हे होते. ब्रह्मबांधवांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारलेला होता. तरीही ते स्वतःला हिंदू म्हणवीत आणि वेदान्ताचे निष्ठावंत अभ्यासक होते. कलकत्त्यात त्यांची स्वतःची एक छोटी शाळा होती आणि तेथील काही मुले त्यांनी सोबत आणली. रवींद्रनाथांना ‘गुरुदेव’ हे संबोधन प्रथम त्यांनीच दिले. पाच शिक्षकांपैकी तिघे ख्रिस्ती असल्यामुळे सनातनी हिंदूंना हा आश्रम खटकला, आणि प्राचीन वर्णाश्रमाच्या भाषेमुळे ब्राह्मोसमाजातील सुधारकांनाही तो रुचला नाही. जो कोणत्याही एका पक्षाचा नसतो, त्याला दोन्ही पक्षांचा संशय सहन करावा लागतो. तसे या शाळेचे झाले.

ब्रह्मबांधव आणि रेवाचंद यांना व्यवस्था लावण्याचा अनुभव होता. आरंभीच्या महिन्यांत शाळेला जे वळण लागले, त्यात त्यांचा वाटा मोठा होता. परंतु १९०२ साल संपण्यापूर्वीच दोघांनीही शांतिनिकेतन सोडले. ब्रह्मबांधव त्याच वर्षी इंग्लंडला गेले. परत आल्यावर ते स्वदेशी चळवळीत उतरले आणि राजद्रोहाच्या खटल्याला तोंड देत असतानाच १९०७ साली त्यांचे निधन झाले. मोठ्या शाळेतून दोन शिक्षक गेले तर वेळापत्रक बदलावे लागते. पाच शिक्षकांच्या शाळेतून दोघे गेले तर शाळेचे जवळजवळ अर्धे अंग निकामी होते.

दुसरी अडचण पैशाची होती. शुल्क नाही, आणि निवास, भोजन व शिक्षकांचे वेतन हा सारा खर्च संस्थेवर, अशा स्थितीत विश्वस्तनिधीतून मिळणारे साहाय्य पुरेसे नव्हते. रवींद्रनाथ जमीनदार घराण्यातील असले तरी हाती रोकड फारशी नव्हती. कुष्टिया येथील एका व्यापारी उपक्रमात झालेल्या नुकसानीचे कर्ज त्यांच्या डोक्यावर होते. त्यांनी पुरी येथील समुद्रकाठचे घर विकले. त्यांच्या पत्नी मृणालिनीदेवी यांनी आपले दागिने एकामागून एक काढून दिले. त्या केवळ दागिने देऊन थांबल्या नाहीत. आश्रमातील मुलांच्या खाण्यापिण्याची काळजी त्या जातीने वाहत आणि घर सोडून आलेल्या मुलांना त्यांच्या स्वयंपाकघरात मायेचा आधार मिळे. संस्थांच्या इतिहासात अशा श्रमांची नोंद क्वचितच होते. परंतु निवासी शाळेतील लहान मुलाला पहिल्या वर्षी धड्याइतकीच, किंबहुना त्याहून अधिक, या गोष्टीची गरज असते.

तिसरी अडचण समाजाची होती. झाडाखाली बसणारी मुले आपापल्या घरची जातही बरोबर घेऊन आली होती. कुंजलाल घोष हे नवे शिक्षक ब्राह्मण नव्हते. ब्राह्मण विद्यार्थ्यांनी त्यांच्या पायांना स्पर्श करून प्रणाम करावा की करू नये, असा प्रश्न १९०२ च्या अखेरीस उपस्थित झाला. रवींद्रनाथांनी या वेळी रूढीला धरून निर्णय दिला. ब्राह्मण अध्यापकांना पायांस स्पर्श करून प्रणाम करावा व इतरांना केवळ नमस्कार करावा, असे त्यांनी ठरविले. शाळा नुकतीच उभी राहत होती आणि पालक बिथरले असते तर ती मोडली असती, हे खरे. शिवाय प्राचीन आदर्शाचा प्रभावही त्यांच्या मनावर होता. तरी ज्या शाळेने श्रीमंत व गरीब हा भेद पोशाखातून पुसला, तिला शिक्षकांमधील जातीचा भेद पहिल्या वर्षी पुसता आला नाही, ही वस्तुस्थिती नोंदविली पाहिजे. पुढील काळात रवींद्रनाथांचे विचार या संकुचित चौकटीतून बाहेर पडले आणि त्याबरोबर शाळाही पालटत गेली. १० मार्च १९१५ रोजी गांधीजींच्या सूचनेवरून मुलांनी व शिक्षकांनी स्वयंपाक, भांडी घासणे आणि सफाई ही कामे स्वतःकडे घेतली. त्या वेळी शांतिनिकेतनात असलेले काकासाहेब कालेलकर या प्रयोगात उत्साहाने सामील झाले होते. प्रयोग फार काळ चालला नाही; परंतु ‘गांधी पुण्याह’ या नावाने त्या दिवसाची आठवण शांतिनिकेतनात जपली गेली.

चौथे संकट मृत्यूचे होते, आणि ते सर्वांत कठीण ठरले. १९०२ सालच्या पावसाळ्यानंतर मृणालिनीदेवींचे दुखणे वाढले व त्यांना कलकत्त्याला हलवावे लागले. रवींद्रनाथ त्यांच्या शुश्रूषेत गुंतले होते आणि शाळा तिकडे संस्थापकाविना चालू होती. याच दिवसांत, नोव्हेंबर महिन्यात, त्यांनी कुंजलाल घोष यांना एक विस्तृत पत्र लिहिले. विद्यालयाचा उद्देश कोणता, मुलांचा दिनक्रम कसा असावा, शिक्षकांनी मुलांशी कसे वागावे, हे सारे त्यात तपशीलवार सांगितलेले होते. हे पत्र म्हणजे शांतिनिकेतनच्या विद्यालयाची पहिली घटनाच होय, असे अभ्यासक मानतात. २३ नोव्हेंबर १९०२ रोजी मृणालिनीदेवींचे निधन झाले. त्या वेळी त्यांनी वयाची तिशीही ओलांडलेली नव्हती.

या पत्राचे महत्त्व केवळ ऐतिहासिक नाही. वर्षभर शाळा रवींद्रनाथांच्या उपस्थितीवर, त्यांच्या आवाजावर आणि गाण्यावर चालली होती. जे मनात होते ते कागदावर उतरविण्याची गरज तोवर भासली नव्हती. आता पत्नी मृत्युशय्येवर आणि आपण दूर, अशा प्रसंगी त्यांना शाळा स्वतःपासून वेगळी करून दुसऱ्याच्या हाती सोपवावी लागली. एका व्यक्तीच्या स्नेहावर चालणारी शाळा ही अजून संस्था नसते. त्या व्यक्तीच्या अनुपस्थितीत सकाळची घंटा जेव्हा वेळेवर वाजते, तेव्हा ती संस्था होऊ लागते. शांतिनिकेतनच्या बाबतीत हे स्थित्यंतर पहिल्याच वर्षी, अत्यंत दुःखद परिस्थितीत घडून आले.

वर्षअखेरीस शाळेच्या जमेस काय होते? संख्येने पाहिल्यास फारसे काही नव्हते. मुले थोडीच होती, शिक्षक बदलत होते आणि कर्ज वाढलेले होते. लोकमतही अनुकूल नव्हते. घरी न आवरणारी मुले सुधारण्यासाठी पाठविण्याचे ठिकाण, अशीही कित्येक पालकांची समजूत होती. संकटे तर पुढेही थांबली नाहीत. १९०३ साली रवींद्रनाथांची कन्या रेणुका हिचे निधन झाले. सतीशचंद्र राय नावाचा कोवळ्या वयाचा, कवितेचे वेड असलेला एक शिक्षक पदवीचा मोह सोडून येथे आला होता. १९०४ च्या प्रारंभी देवीच्या रोगाने त्याचा बळी घेतला आणि शाळा काही काळ शिलाईदह येथे हलवावी लागली.

तरीही शाळा बंद पडली नाही. १९०४ साली रथींद्रनाथ आणि त्यांचे सहाध्यायी संतोषचंद्र मजुमदार हे विश्वविद्यालयाची प्रवेश परीक्षा उत्तीर्ण झाले. झाडाखाली शिकलेली मुले परीक्षेत मागे पडतील, या भीतीला ते एक उत्तर होते, जरी रवींद्रनाथांच्या लेखी परीक्षा हे शिक्षणाचे माप नव्हते. १९०६ मध्ये हे दोघे शेतीशास्त्र शिकण्यासाठी अमेरिकेला गेले व परत आल्यावर शांतिनिकेतनच्याच कार्यात सामील झाले. शिकवताना आलेल्या अनुभवातून रवींद्रनाथांनी इंग्रजीचे क्रमिक पुस्तक तयार केले. पुढे १९३० साली नंदलाल बोस यांच्या चित्रांसह त्यांचे ‘सहज पाठ’ प्रसिद्ध झाले आणि बंगाली मुलांच्या कित्येक पिढ्या त्यावर वाचायला शिकल्या. १९२१ मध्ये विश्वभारतीची स्थापना झाली, १९५१ मध्ये तिला केंद्रीय विश्वविद्यालयाचा दर्जा मिळाला आणि २०२३ मध्ये शांतिनिकेतनचा समावेश युनेस्कोच्या जागतिक वारसास्थळांत झाला. मूळची शाळा ‘पाठभवन’ या नावाने आजही चालू आहे.

आपल्या देशात आजही एक-दोन शिक्षक आणि मूठभर मुले असलेल्या प्राथमिक शाळा हजारोंनी आहेत. त्यांपैकी बहुतेकांना संस्थापक म्हणून कोणी महाकवी लाभलेला नाही, आणि त्यांच्या अडचणींची तुलना शांतिनिकेतनशी करणे सर्वस्वी योग्य होणार नाही. परंतु शिक्षक अचानक निघून जाणे, पैशाची ओढाताण, गावातील जातिभेद वर्गात शिरणे आणि सारा भार एकाच व्यक्तीवर पडणे, या गोष्टी त्यांनाही परिचित आहेत. अशा शाळेचे पहिले वर्ष पटावरील संख्येने किंवा परीक्षेच्या निकालाने मोजले तर ते बहुधा निराशाजनकच दिसेल. त्या वर्षात कोणती दैनंदिन सवय रुजली, कोणाच्या श्रमांवर ती रुजली आणि ती व्यक्ती नसताना ती टिकेल काय, हे पाहणे अधिक उचित होय. शांतिनिकेतनच्या पहिल्या वर्षाने या तीन प्रश्नांची उत्तरे दिली. त्यांपैकी दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरात रवींद्रनाथांच्या नावाबरोबर मृणालिनीदेवींचे नाव घेणे अगत्याचे आहे.