थंड घरांतील ओल आणि यंत्राची निवड

आषाढ लागला कीं महाबळेश्वरच्या घरांत ओल पाहुण्यासारखी येते आणि यजमानासारखी राहते. तेथील आमच्या घरीं आजोबांनीं स्वहस्तें लिहिलेल्या पोथ्या आहेत. गेल्या श्रावणांत एक बासन सोडलें, तों पानांच्या कडांवर पांढरी बुरशी! चिरंजीवांनीं तत्काळ डीह्युमिडिफायर, म्हणजे हवेंतील दमटपणा काढणारें यंत्र, आणलें. खोक्यावर ‘दिवसास २० लिटर’ असें छापलेलें. पण दिवसभर चालवूनहि भांड्यांत पाणी थोडकेंच. तेव्हां आम्हीं जी चौकशी केली, तिचें फळ वाचकांपुढें ठेवीत आहों.

हीं यंत्रें मुख्यतः दोन जातींचीं असतात. पहिलें काँप्रेसरचें. त्यांतील नळ्या गार होतात व त्यांवर हवेंतील बाष्प दंवासारखें जमून भांड्यांत ठिबकतें. खोक्यावरील मोठा आंकडा बहुधा ३० अंश सेल्सिअस उष्णता व ८० टक्के आर्द्रता धरून काढलेला असतो. परंतु ३० अंशांच्या एक घनमीटर हवेंत फार तर ३० ग्रॅम बाष्प मावतें. १७ अंशांच्या हवेंत त्याच्या निम्मेंच. खोली १५ अंशांखालीं उतरली, तर नळ्यांवर बर्फ धरूं लागतें आणि तें वितळविण्यांतच यंत्राचा पुष्कळ वेळ जातो.

दुसरें डेसिकंट, म्हणजे शोषक जातीचें. त्यांत सिलिका जेल किंवा झिओलाइट यांसारख्या द्रव्याचें चाक फिरतें व बाष्प टिपून घेतें. विजेच्या उष्णतेनें चाक पुन्हा सुकतें आणि निघालेली वाफ निवून पाणी होते. थंडीनें याचें काम फारसें अडत नाहीं. उलट खोलीस थोडी ऊब येते. वीज मात्र अधिक लागते. म्हणून मुंबई-कोंकणच्या उकाड्यांत काँप्रेसरचेंच यंत्र बरें. थंड खोलीस शोषक जातीचें.

कोणतेंहि यंत्र चालवितांना दारें-खिडक्या लावून घ्याव्या. आर्द्रता ५० ते ५५ टक्क्यांवर आली कीं पुरे. अति कोरड्या हवेनें कागद ठिसूळ होतो. बंद खोलींत कोळशाची शेगडी मात्र कदापि ठेवूं नये. तिच्या विषारी वायूनें प्राण जातात.

आम्हीं यंत्र बदललें आणि पोथ्या वांचल्या. दोन पानें मात्र गेलीं, आणि तें हस्ताक्षर आतां कोठून आणावें? तस्मात् खोक्यावरील आंकडा वाचण्यापूर्वीं खोलींतील उष्णतामापक वाचावा, इतकेंच आमचें सांगणें.