पांढरीच्या पोटातलं गाव

पुसद तालुक्यातल्या कुठल्याही जुन्या गावात शिरताना रस्ता थोडा चढतो. गाव पूस नदीच्या काठचं असो की पैनगंगेच्या खोऱ्यातलं, घरं शेतांपेक्षा उंचावर असतात आणि त्यातही उंच जागी बहुधा एखादी ढासळलेली गढी असते. हा चढ बऱ्याच ठिकाणी निसर्गानं दिलेला नाही. माणसं एकाच जागी पिढ्यानपिढ्या राहिली, त्यातून तो तयार झाला आहे.

शेती काळीत आणि वस्ती पांढरीवर, हे वऱ्हाडात लहान पोरालाही ठाऊक असतं. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. तिची भिंत टिकत नाही. पांढरी मात्र घट्ट बसते, फुटत नाही. म्हणून भिंती तिच्या, धाब्यावर अंथरायला तीच. मातीचं घर काही दशकांत थकतं. ते पडलं की ढिगारा उचलून नेण्याची तसदी कोणी घेत नसे. तो चोपून सपाट करायचा आणि त्यावरच नवं घर उभं करायचं. त्यात चुलीतली राख, शेणाचं सारवण, जनावरांची हाडं, फुटकी मडकी, चुनखडीचे खडे मिसळत गेले. राख आणि चुन्यानं मातीचा रंगच बदलला. गाव असं स्वतःच्याच अंगावर वाढत गेलं.

किती वाढलं असेल? त्याचं उत्तर आपल्याच जिल्ह्यात मिळालं आहे. बाभूळगाव तालुक्यातल्या पाचखेड गावाच्या कडेला असंच एक पांढरीचं टेकाड आहे. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाच्या प्राचीन भारतीय इतिहास, संस्कृती व पुरातत्त्व विभागानं डॉ. प्रभाष साहू यांच्या नेतृत्वाखाली 2023-24 च्या हंगामात तिथं उत्खनन केलं. वस्तीचे थर 8.73 मीटर खोल गेले. सगळ्यात खाली लोहयुग, त्यावर सातवाहन काळ, त्यावर मध्ययुग, आणि माथ्यावर निजामाच्या अमलात टेहळणीसाठी झालेला वापर. खालच्या थरांचा काळ सुमारे तीन हजार वर्षांमागे जातो. म्हणजे निजामाचा पहारेकरी ज्या उंचीवरून मुलूख न्याहाळत होता, ती उंची त्याच्याआधी तिथं राहून गेलेल्या माणसांनी त्याला दिली होती.

पाचखेडला एका घराचा पुरा आराखडा मिळाला. घर गोल, जमीन चुन्याची, भोवती लाकडी खांब. चूलही सापडली आणि चुलीच्या आसपास धान्याचे दाणे. मला या शोधातलं सर्वांत मोलाचं काही वाटत असेल तर ते हे दाणे. जळून कोळसा झालेला दाणा कुजत नाही, आणि त्याच्यावरून काळ ठरवता येतो. जिवंत रोप हवेतून कार्बन-14 घेत असतं. ते कापलं की घेणं थांबतं, आणि साठलेला कार्बन-14 दर 5,730 वर्षांनी निम्मा होत जातो. किती उरला हे मोजलं की पीक कापल्याचा काळ कळतो. पूर्वी या तपासणीला मूठभर कोळसा लागे. आता दिल्लीच्या इंटर युनिव्हर्सिटी ॲक्सेलरेटर सेंटरमधल्या यंत्राला एखादा दाणाही पुरतो. पाचखेडचे नमुने तिथंच गेले.

विदर्भाच्या लोहयुगाबद्दल आपल्याला बरंच काही माहीत आहे, पण ते मुख्यतः मेलेल्यांकडून. नागपूरजवळच्या माहुरझरीची शिलावर्तुळं, टाकळघाट-खापा, नैकुंड ही नावं अभ्यासकांच्या तोंडी असतात. दगडांच्या वर्तुळात पुरलेली माणसं, त्यांच्यासोबत लोखंडी हत्यारं, माहुरझरीला तर तांब्याच्या दागिन्यांनी सजवलेला घोडा. नैकुंडला लोखंड गाळायची भट्टीही मिळाली. पण पुरताना माणूस उत्तम तेवढं सोबत देतो. रोज काय शिजत होतं, मडकं फुटलं की कुठं फेकत होते, जमीन किती वेळा सारवत होते, हे थडगं सांगत नाही. ते पांढरी सांगते.

पांढरीत उभा चर घेतला तर ती कशी दिसते, हे एकदा जवळून पाहावं. वरच्या हातभर मातीत काचेच्या बांगड्यांचे तुकडे, कवेलू, विटा. मग राखेचा करडा पट्टा. त्याखाली एक कडक, आडवी रेघ: ती कोणाच्या तरी घराची जमीन. भिंग धरलं तर त्या रेघेत आणखी बारीक रेघा दिसतात, एकावर एक दिलेल्या सारवणाच्या. मध्येच एक गोल, मऊ, गडद भाग खालचे थर कापत जातो. ते जुनं पेव, धान्य साठवायचं, नंतर कचऱ्यानं भरलेलं. अनुभवी माणूस इथं सावध होतो, कारण पेव खणणाऱ्यानं खालचं वर आणि वरचं खाली करून ठेवलेलं असतं. आणखी खाली गेलं की खापरं बदलतात. आतून आणि काठाला काळी, बाहेरून खाली तांबडी अशी खापरं दिसू लागली की लोहयुग जवळ आलं. हे दोन रंग कुंभाराच्या हिकमतीचे आहेत. भट्टीत मडकं पालथं घातलं की आत आणि काठाला हवा पोहोचत नाही, तो भाग काळा राहतो. बाहेर हवा लागते, तिथं मातीतलं लोह तांबडं होतं.

गाव कसं वाचायचं, हे महाराष्ट्राला शिकवलं ते इनामगावनं. पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी डेक्कन कॉलेजच्या ह. धी. सांकळिया, म. के. ढवळीकर आणि झै. दा. अन्सारी यांनी 1968 ते 1983 अशी वर्षानुवर्षं खणती केली. ख्रिस्तपूर्व 1600 ते 700 या काळातलं आख्खं शेतकरी गाव त्यांनी उघडं केलं, शंभराहून जास्त घरांचं. पाच खोल्यांचं एक मोठं घर, शेजारी धान्याचं कोठार, म्हणजे गावाला प्रमुख होता. मुलांना दोन मडकी तोंडाला तोंड लावून त्यांत पुरलं होतं, घरातल्याच जमिनीखाली. मोठ्या माणसांचे पाय घोट्याखाली तोडलेले. मात्र चार पायांच्या मोठ्या रांजणात बसवून पुरलेल्या एका पुरुषाचे पाय शाबूत होते. आणि शेवटच्या काळात, ख्रिस्तपूर्व 1000 नंतर, ऐसपैस चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या. ढवळीकरांनी त्याचा संबंध पाऊसमान घटण्याशी आणि शेतकऱ्याला अर्धंमुर्धं भटकं व्हावं लागण्याशी जोडला. कोणत्याही पोथीत न लिहिलेला हा दुष्काळ घरांच्या आकारावरून कळला.

लिखित कागद याच्या फार नंतर सुरू होतो, आणि तो काढताना देणाऱ्या-घेणाऱ्याची सोय पाहिलेली असते. आपल्या शेजारचं वाशीम म्हणजे वाकाटकांची वत्सगुल्म राजधानी. तिथं 1939 मध्ये मिळालेला दुसऱ्या विंध्यशक्तीचा ताम्रपट नांदेडच्या भागातलं एक गाव ब्राह्मणांना दान दिल्याचं सांगतो. अशा वाकाटक दानपत्रांत सवलतींची यादी असते: गावात सैनिक शिरणार नाहीत, फिरतीवरच्या अधिकाऱ्याला चारा, बसायला कातडी, कोळसा पुरवावा लागणार नाही. यावरून इतर गावांना काय काय पुरवावं लागत होतं, ते उमगतं. पण त्या गावात घरं किती होती, बाया कशात पाणी भरत होत्या, हे तांब्यावर कोरलेलं नाही.

सगळी गावं टिकली असंही नाही. विदर्भाच्या महसुली दप्तरात रिठी गावं आहेत: नाव आहे, शिवार आहे, गट नंबर आहेत, माणूस एकही नाही. कुठं दुष्काळ, कुठं रोगराई, कुठं पाण्याचं तुटणं. गाव उठलं, देव आणि चिंचा राहिल्या. इंग्लंडमध्ये अशी ओस पडलेली मध्ययुगीन गावं सुमारे तीन हजार मोजली गेली आहेत. त्यातलं यॉर्कशायरमधलं व्हॅरम पर्सी मॉरिस बेरेसफर्ड आणि जॉन हर्स्ट यांनी 1950 पासून 1990 पर्यंत दर उन्हाळ्यात स्वयंसेवकांना घेऊन खणलं. प्लेगमधूनही ते गाव तगलं होतं. लोकरीला भाव आला तेव्हा, 1500 च्या सुमारास, मालकांनी उरलीसुरली कुळं हाकलून तिथं मेंढ्या सोडल्या. नंतर कोणी घर बांधलं नाही, म्हणून सगळं गवताखाली जसंच्या तसं राहिलं. आपल्या रिठांनाही हा लाभ आहे, आणि त्यांच्याकडे कोणी वळत नाही, याची मला खरोखर हळहळ वाटते.

कारण पांढरी संपते आहे. तिच्यात राख, हाडं आणि शेण असल्यानं शेताला ती खतासारखी लागू पडते, म्हणून गाड्या भरभरून ती नेली गेली. गढ्यांच्या भिंती पाडून माती विकली गेली. पैनगंगेवर ईसापूरचं धरण झालं, तेव्हा बुडितातल्या गावांची पांढरी पाण्याखाली गेली. पुनर्वसनाच्या गावठाणात प्लॉट सरळ आहेत, रस्ते रुंद आहेत, पण पायाखाली काही नाही. हे सगळं गरजेपोटी झालं, धरण आणि खत दोन्ही लोकांना हवंच होतं. चूक एवढीच की नेण्याआधी पाहिलं गेलं नाही.

आता गावठाणांवर ड्रोन फिरले आहेत. स्वामित्व योजनेत घराघराची हद्द मोजून मिळकत पत्रिका दिली जाते. त्या नकाशात लांबी-रुंदी आहे, खोली नाही. ती नोंदायला मोठं उत्खनन लागत नाही. घरकुलाचा पाया किंवा शोषखड्डा खणला की दोन-चार दिवस त्याची भिंत उघडी असते. गावातल्या शाळेच्या गुरुजींनी किंवा कॉलेजात जाणाऱ्या पोरीनं खड्ड्याच्या भिंतीला मोजपट्टी उभी लावून सकाळच्या तिरप्या उजेडात फोटो काढावा, घर नंबर आणि तारीख लिहावी, खापरं ज्या खोलीवर निघाली ती खोली लिहून पिशवीत ठेवावीत. नाणी किंवा मौल्यवान काही निघालं तर 1878 च्या निखात निधी कायद्यानुसार ते जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं, हेही लक्षात असू द्यावं. आणि फोटोंची एक प्रत नागपूर विद्यापीठाच्या पुरातत्त्व विभागाकडे पाठवावी. पाचखेडच्या शेजारी कोणतं टेकाड खणायचं, हे ठरवायला त्यांना असाच माल लागतो.