नाव ना गाव!

धुळ्याची मावशी दर खेपेला विचारी, “अरे, त्या ओव्या कधी ऐकवणार?” माझी आई जाऊन बारा वर्षे झाली. तिच्या जात्यावरच्या अहिराणी ओव्यांची एकच कॅसेट घरात उरली होती. फीत इतकी जुनी, की आणखी किती वेळा वाजेल याचा भरवसा नव्हता. ती संगणकात उतरवून ठेवायचे मी अखेर मनावर घेतले.

आमचा संगणक धुळ्यातच सुटे भाग जुळवून केलेला. पुढे त्यातला आवाजाचा मूळ भाग बिघडला, तेव्हा दुकानदाराने एक स्वस्तातले साउंड कार्ड बसवून दिले. जळगावी आल्यावर हार्ड डिस्क गेली, विंडोज नव्याने घातले आणि ते कार्ड मुके झाले! त्याला ड्रायव्हर हवा होता. ड्रायव्हर म्हणजे संगणक आणि त्याचा एखादा भाग यांच्यामधला दुभाषा. तो नसला की दोघेही समोरासमोर गप्प.

पण ड्रायव्हर शोधायचा कोणत्या नावाने? कार्डावर नाव ना गाव. सीडी हरवलेली, दुकान बंद पडलेले. इंटरनेटवर ‘मोफत ड्रायव्हर’ म्हणून एक वस्तू उतरवली, तर कार्ड बोलले नाहीच. उलट जाहिराती नाचू लागल्या आणि पैशांची मागणी आली!

शेवटी एक माजी विद्यार्थी म्हणाला, “सर, वरची पाटी कशाला शोधता? कार्डालाच विचारा ना!” त्याने डिव्हाइस मॅनेजर उघडले. पिवळ्या उद्गारचिन्हाच्या ओळीवर प्रॉपर्टीज, मग डिटेल्स, त्यात हार्डवेअर आयडी. तेथे ‘व्हेन’पुढे १३एफ६ आणि ‘डेव्ह’पुढे ०१११ असे होते. पहिला आकडा चिप बनवणाऱ्याचा, दुसरा खुद्द चिपचा. कार्ड निघाले तैवानच्या सी-मीडियाच्या ८७३८ चिपचे! इंटेलने तर आपल्या १९७८ सालच्या ८०८६ प्रोसेसरचाच आकडा स्वतःची खूण म्हणून घेतला आहे. यूएसबीच्या वस्तूंवर हेच आकडे ‘व्हीआयडी’ आणि ‘पीआयडी’ या नावांनी मिळतात.

मी मनात ओशाळलो. धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळाची थोरवी मी वर्गात सांगतो. १९२७ साली स्थापन झालेली ही संस्था इतिहासाचार्यांचे दप्तर जपते. कागदावर नाव नसले, तिथी नसली, तरी अक्षराचे वळण, कागद, मायना यांवरून जाणकार त्याचा काळ ठरवतो, हे मुलांना शिकवणारा मी कार्डावर लेबल शोधत बसलो होतो!

पुढचे काम सोपे झाले. लिनस टॉरवल्ड्‌सने १९९१ साली सुरू केलेल्या लिनक्समध्ये या चिपचा ड्रायव्हर आधीपासूनच असतो. विद्यार्थ्याने पेनड्राइव्हवरून लिनक्स चालवले. हार्ड डिस्कला हातही लावला नाही. कार्ड बोलू लागले. कॅसेट एकदाच वाजवली आणि ओव्या संगणकात उतरल्या. ते दोन आकडे मी चिठ्ठीवर लिहून संगणकाच्या डब्याला आतून चिकटवले आहेत. वाचकहो, तुमचे यंत्र धड चालते आहे तोवरच तुम्हीही हे करून ठेवा.

गेल्या रविवारी धुळ्याला गेलो. मावशीने डोळे मिटून पहिली ओवी ऐकली. तिचा उजवा हात जात्याचा खुंटा धरल्यासारखा हळूहळू फिरू लागला.

“हाई ते मनी बहीण शे!” ती म्हणाली, आणि दुसऱ्या ओवीला तिनेही आवाज लावला.