स्क्रिप्टपासून सिंटॅक्स ट्रीपर्यंत

जबलपूर स्थानकापासून भेडाघाटपर्यंतचे रिक्षाभाडे काढणारी पायथनमधील ही एक ओळ पाहा:

भाडे = मूळ + दर * अंतर

पायथन ३ मध्ये चलांची नावे देवनागरीत चालतात, म्हणून ही ओळ जशीच्या तशी वैध आहे. मूळ ३० रुपये, दर १५ आणि अंतर २० किलोमीटर धरा. उत्तर ३३० यायला हवे. डावीकडून सरळ हिशेब करत गेल्यास ते ९०० येईल. योग्य क्रम कोण ठरवतो?

पायरी १: टोकन
प्रथम अक्षरांच्या ओळीचे टोकन पाडले जातात. वरील ओळीत चार नावे आणि तीन चिन्हे, असे सात टोकन आहेत. क्रमाचा विचार इथे होत नाही.

पायरी २: व्याकरण
पार्सर हे टोकन व्याकरणाच्या नियमांत बसवतो. सोप्या रूपात नियम असे:

बेरीज → बेरीज + गुणाकार | गुणाकार
गुणाकार → गुणाकार * घटक | घटक
घटक → नाव | ( बेरीज )

बेरजेच्या उजवीकडे पूर्ण गुणाकार यावा लागतो, म्हणून 'दर * अंतर' आधी एकत्र बांधले जाते. गुणाकाराखाली बेरीज आणायची तर कंसच हवा.

पायरी ३: वृक्ष

=
├─ भाडे
└─ +
　├─ मूळ
　└─ *
　　├─ दर
　　└─ अंतर

किंमत खालून वर काढली जाते: आधी ३००, मग ३३०. म्हणजे क्रम वृक्षाच्या आकारातच साठवलेला असतो. '(मूळ + दर) * अंतर' लिहिल्यास * वर आणि + खाली जाईल. कंसांसाठी मात्र वेगळी गाठ नसते, कारण त्यांचे काम आकाराने केलेले असते.

चूक कुठे सापडते?
'मूळ + * अंतर' यातील प्रत्येक टोकन बरोबर आहे, पण कोणताच नियम लागू होत नाही, पार्सर थांबतो. याउलट कोडमध्ये थेट '३०' हा देवनागरी अंक लिहिला, तर पायथन टोकन पाडतानाच थांबतो. नावे देवनागरीत चालली तरी संख्या आंतरराष्ट्रीय (0 ते 9) अंकांतच लिहाव्या लागतात.

स्वाध्याय
बेरजेच्या नियमात 'बेरीज - गुणाकार' हा पर्याय वाढवा. 'मूळ - सूट - कर' चा वृक्ष काढा. कोणती वजाबाकी खाली येते, आणि नियमातील कोणत्या शब्दामुळे?